नोटिशीचे दोन महिने

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मला रविवारचा राग यायला लागला. त्याआधी रविवार म्हणजे भरपूर झोप, कपडे धुणं आणि टँकर आला तर रांगेत घागर लावणं. त्या दुष्काळात आमच्या तालुक्याच्या गावातले नळ नुसते शोभेला उरले होते. अशात एक दिवस बाररूमच्या फळ्यावर सूचना लागली, की जिल्ह्याहून एक ज्येष्ठ वकील येऊन आम्हा नव्या वकिलांना सहकार कायदा शिकवणार आहेत. दर रविवारी सकाळी वर्ग, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र. चहा, पोहे आणि दुपारचं जेवण फुकट.

फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. भाजीची बांधलेली जुडी घरी आणून सोडून बघणारा माणूस मी. वर्ग भरणार होता एका सहकारी संस्थेच्या सभागृहात. शिकवणारे सर अर्ध्या जिल्ह्यातल्या संस्थांचे वकील. ज्या माणसाची उभी हयात संस्थांच्या बाजूनं बोलण्यात गेली, तो संस्थांशी कसं लढायचं हे आम्हाला कशाला शिकवेल?

कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझा मित्र एकच टेबल वापरत होतो. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो तलवाड्याच्या पुढच्या एका गावातला, घराण्यातला पहिलाच वकील. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"बे, तू लहानपणी आईचं दूध बी हुंगून पेला आसशील."

"पर ते कावून शिकवतेत, ते तर सांग."

"चांगला माणूस हाय म्हणून. समदेच तुझ्यासारखे नसतेत."

गेलो. जेवण चांगलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. शिकवणंही चांगलं होतं. सर आवाज न चढवता बोलत, मधेच एखाद्याला उभं करत आणि त्याच्याच केसवर त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारत. कॉलेजात जे कधी कळलं नव्हतं ते तिथं कळायचं. पण प्रत्येक केस कुठूनही निघाली तरी एकाच ठिकाणी येऊन थांबायची. संस्थेविरुद्ध काहीही करायचं तर आधी निबंधकाला नोटीस द्या, दोन महिने थांबा, मग कोर्टात या.

"घाई करणारा वकील अशिलाला बुडवतो," सर म्हणायचे, आणि सगळे खाली मान घालून ते लिहून घ्यायचे. माझा मित्र त्याखाली रेघ मारायचा.

चैत्र लागायच्या सुमाराला मित्राच्या गावच्या पाणी उपसा संस्थेची सभा झाली. ही संस्था नदीकाठच्या विहिरीतून पाणी उचलायची आणि पाइपलाइननं सभासदांच्या शेतांना द्यायची. वरच्या अंगाला अध्यक्षांचा ऊस. अगदी टोकाला मोसंबीच्या दोन बागा, एकमेकींना लागून. एक मित्राच्या वडिलांची, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. दुसरी एका बागवान चाचांची. चाचा इतरांच्या बागांचा बहर विकत घेऊन फळं बाजारात विकायचे, पण ही बाग त्यांची स्वतःची, त्यांच्या वालिदांनी लावलेली. सभेत हे दोघं उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की टोकाची झाडं पानं गाळायला लागली असताना वरचा ऊस हिरवागार कसा? सभा तिथंच गुंडाळली गेली. पुढच्या आठवड्यात दोघांचं सभासदत्व स्थगित झालं आणि त्यांच्या बाजूचा पाण्याचा व्हॉल बंद केला गेला.

आबांची केस अर्थातच मुलाकडं आली. चाचा माझ्याकडं आले.

"वकीलसाब, आमी भांडण कराया न्हाई आलो. आमाला पाणी पायजे."

मी वर्गात शिकल्याप्रमाणं नोटीस आणि दोन महिने सांगितले. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन म्हैने माणूस थांबल. झाड कसं थांबल?"

प्रश्न बिनतोड होता, आणि बिनतोड प्रश्नाचा मला राग येतो. रविवारी आम्ही दोघांनी आपापली केस वर्गात मांडली. सरांनी मान डोलावली. उत्तम आहे, म्हणाले, नोटीस द्या. मी उभाच राहिलो.

"सर, दोन महिन्यांत बाग जळून जाईल."

"कायद्यानं बागेकडं बघून मुदत ठरवलेली नाही."

"पण हा वाद सहकार न्यायालयात जाणार. तिथंसुद्धा ही नोटीस लागते?"

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. एवढा वेळ त्यांना उत्तराला लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सावधगिरी म्हणून द्यायची. तुम्हाला नको असेल तर नका देऊ. केस गेली की अशिलाला सांगा, मला घाई होती म्हणून."

सगळे हसले. मित्रही हसला. जेवण झाल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डोकं चांगलं आहे तुझं. बीडला माझ्या ऑफिसला ये, संस्थांची कामं भरपूर आहेत." इतके रविवार मी त्यांच्यासमोर बसलो होतो, तेव्हा माझं डोकं त्यांना दिसलं नव्हतं. नेमकं आजच दिसलं. तो हात खांद्यावर मला जड वाटला, आणि मी नमस्कार करून सटकलो.

घरी आल्यावर टँकरच्या रांगेत उभ्या उभ्या मी मूळ कायदा वाचला. कुणाच्या टिपणातून नाही, थेट कायदा. नोटिशीचं कलम दिवाणी दाव्याबद्दल बोलत होतं. सहकार न्यायालयात वाद नेण्याचं कलम वेगळं होतं, आणि त्यात नोटिशीची अट कुठंच नव्हती. माझा माझ्या वाचनावरही विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन ग्रंथालयात निवाडे काढून बघितले. तिथंही तेच. नोटीस लागतच नव्हती. आमचा अख्खा वर्ग संस्थांना दोन महिने आंदण द्यायला शिकत होता.

मी धावत मित्राकडं गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर चूक शिकवतील?"

"चूक न्हाई बे, मुद्दाम."

मी हे बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी नोटीस देऊन बसलोय. आता मधीच कोर्टात गेलो तर म्हणतील, यालाच आपल्या नोटिशीची किंमत न्हाई. सरांना इचारतो." सरांना इचारतो! पाणी अडवणाऱ्यांच्या वकिलाला हा विचारणार, की पाणी कधी मागू.

मी चाचांचा वाद दाखल केला. सुनावणीच्या दिवशी संस्थेकडून उभा राहिला आमच्याच वर्गात पहिल्या रांगेत बसणारा एक तरुण वकील. त्याचा पहिला आक्षेप ठरलेला होता, की नोटीस दिलेली नाही, सबब वाद चालू शकत नाही.

"कोणत्या कलमाखाली?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्यानं कलम सांगितलं. न्यायाधीशांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि यात सहकार न्यायालय कुठं आहे ते दाखवा, म्हणाले. तो कायद्याची पानं उलटत राहिला. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "साहेब, आम्हाला तसंच शिकवलंय."

कोर्टातले लोक हसले. मला हसू आलं नाही. तोवर मी धरून चाललो होतो, की संस्थेच्या बाजूच्यांना खरं माहीत आहे आणि आम्हालाच तेवढं फसवलं जातंय. या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग संशय घ्यायचा तरी कुणाचा?

निकाल होईपर्यंत चाचांचं पाणी तोडू नये, असा हुकूम झाला आणि त्याच आठवड्यात व्हॉल उघडला. करंगळीएवढी धार यायची, पण झाडं तगली. हुकूम फक्त चाचांपुरता होता. आबांचा वाद अजून दाखलच नव्हता.

चाचांनी बांधावरून आबांकडं नळी टाकायची तयारी दाखवली. मी तेव्हा बागेतच होतो. आबा बांधावर बसून आपल्या झाडांकडं बघत होते. पानं सगळी गळून गेली होती, नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

"नगं," आबा म्हणाले. "पोरानं सांगितलंय. चोरून पाणी घेतलं म्हणून लिहितील आन् केस खराब होईल. त्यो शिकलेला हाय."

बापाचा मुलावर एवढा विश्वास, त्यात मी संशयाचा खडा कसा टाकणार होतो?

पुढच्या रविवारी जेवणानंतर सर हात धूत होते. दुष्काळात तिथं मात्र पाण्याचं पिंप भरलेलं असायचं. मी जवळ जाऊन सरळच विचारलं.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी सावकाश हात पुसले.

"तुला कळलं ना? मग वर्गाचं सार्थक झालं."

आणि निघून गेले. या एका वाक्यावर मी इतकी वर्षं डोकं शिणवलंय. कधी वाटतं, तो माणूस पक्का होता, रविवारच्या पोह्यांवर त्यानं संस्थांना एक अख्खा उन्हाळा मिळवून दिला. कधी वाटतं, तीच गोष्ट इतकी वर्षं सांगत आला, की कायदा उघडून बघायचं त्याला कारणच पडलं नसेल, आणि माझ्यासमोर कमीपणा नको म्हणून तसं बोलला. दोन्हींचा मला सारखाच राग येतो.

मित्राला मी पुन्हा गाठलं. चाचांचा हुकूम समोर ठेवला. त्यानं तो पूर्ण वाचलाही नाही.

"सर म्हणतेत, अपिलात टिकायचा न्हाई हा."

"तवर तरी पाणी येईल ना बे!"

"आन् फेटाळला म्हंजे? मग बाग बी गेली आन् केस बी." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुला आबांची केस बी पायजे का?"

त्यानंतर आम्ही एका टेबलावर बसूनही बोलेनासे झालो. चहा वेगवेगळा मागवायला लागलो. मी एखाद्या अशिलाशी हळू बोललो, की तो मान वर करून बघायचा. आयुष्यभर लोकांवर संशय घेत आलेल्या माणसाला आपल्यावर संशय घेतला जाणं किती लागतं, हे मला त्या टेबलावर कळलं.

मृग जवळ आला होता, आभाळ कोरडंच होतं. एक दिवस मी सकाळी शेडमध्ये आलो तर मित्र आधीच येऊन बसला होता. नवा कोट, दाढी केलेली. त्यानं कागदांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

"मुदत सरली. आज दाखल करतो. जरा नजर घाल ना."

इतक्या दिवसांनी तो माझ्याशी बोलला, याचाच मला आनंद झाला. मी वाचायला घेतलं. नोटिशीची प्रत जोडलेली, पोचपावती जोडलेली, सभेची हकीकत क्रमवार, प्रत्येक परिच्छेद नेटका. शेवटी मागणी केली होती, की अर्जदाराच्या मोसंबीच्या बागेस नियमित पाणी देण्याचा हुकूम व्हावा.

"बाग कशी हाय?" मी विचारलं.

तो कागदांकडंच बघत राहिला.

"आबांनी तोडली. लाकूड चकलांब्याच्या वीटभट्टीवाल्यानं नेलं." मग बोट पुढं करून त्यानं माझ्या हातातलं पान उलटलं. "पर तू वाच ना. कुठं चूक ऱ्हायली का बघ."

मी शेवटपर्यंत वाचलं. एकही चूक नव्हती.