हायड्रोजनच्या पाइपाला कुंकू

भीमराज कांबळे यांची उभी हयात चाकणच्या एका शेडमध्ये गाड्यांचे सायलेन्सर जोडण्यात गेली. मग गाड्या विजेवर धावू लागल्या. विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, हे भाषणांत फार आनंदाने सांगतात. संत तुकाराम नगरातून रोज चाकण गाठणाऱ्या वेल्डरने त्यावर कितपत टाळ्या वाजवायच्या, ते मात्र कुणी सांगत नाही.

शेडचे मालक नानासाहेब. वाडवडलांच्या ज्वारीच्या रानात त्यांनी पत्रे उभे केले, तेव्हापासून ते स्वतःला उद्योजक म्हणवत. शेड बंद पडायच्या बेतात असताना त्यांना एक काम मिळालं. कोकणातलं एक बंदर नव्या जमान्यासाठी सजत होतं. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या, त्यांच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि धक्क्यावर साठवून जहाजांत भरायचा. त्याला स्टीलचे पाइप हवे होते. नमुन्याची खेप पास झाली तर पुढचं सगळं काम या शेडला, नाही तर शेडला कुलूप.

भीमराज उतारवयात पुन्हा शिकाऊ झाले. शिकवायला तनुजा होती, तपासणीची इंजिनिअर, वयाने त्यांच्या लेकीएवढी.

"काका, हायड्रोजन केसाएवढ्या फटीतनं निसटतो. पाइपाच्या कडेला ओरखडासुद्धा चालत नाही, म्हणून तोंडावरची झाकणं बंदरातच उघडायची. मधे कुणालाही हात लावू देऊ नका."

"आमचा धूर बरा होता बाई. फट राहिली की गाडीच बोंबलून सांगायची."

पण शिकले. जोड असे बसले की तनुजाने बोट फिरवलं आणि पुढच्या पाइपाकडे वळली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

माल निघायच्या दिवशी नानासाहेब पूजेचं ताट घेऊन आले. तनुजा आत ट्रकचे कागद करत होती. नानासाहेबांनी पाइपाच्या तोंडावरची निळी टोपी न्याहाळली.

"प्लास्टिकला कुंकू लावत्यात व्हय रं? काढ ती."

"मॅडम नको म्हणाल्यात."

"मॅडमला काय कळतंय! पहिलाच माल हाय. मुहूर्त न्हाई का करायचा?"

भीमराजांच्या घरी बुद्धवंदना होई, नारळ फुटत नसे. पण कंपनीचा नारळ हा कंपनीचा विषय, असं ते मानत आले होते. शिवाय आतली घासलेली, आरशासारखी कड फोटोत यावी, असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी टोपी काढली.

कुंकू लागलं, फोटो निघाले. आता नारळ फोडायला दगड हवा, आणि अंगणात होतं गुळगुळीत काँक्रीट. नानासाहेबांनी नारळ त्या चकचकीत कडेवरच हाणला. ठण्ण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कडेवर बारीक खाच पडलेली भीमराजांना दिसली. ट्रक थांबवावा, तर चारचौघांत मालकाचा हात चुकला म्हणायचं. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला. नखालासुद्धा लागत नाही, असं स्वतःला सांगितलं. नखाला लागत होतं. मग त्यांनी फडक्याने पाणी टिपलं आणि टोपी पुन्हा चढवली.

बंदरात टोपी उघडली तेव्हा आत खवट खोबऱ्याचा वास होता. चाचणीत पाइप त्याच खाचेतून गळला. बंदराने सगळी खेप परत धाडली आणि कळवलं की पाइप जोडायचा कारखाना आता धक्क्यावरच घालणार आहोत, बाहेरून घाटातून आणायची भानगडच नको.

तनुजाने विचारलं, "झाकण कुणी काढलं?"

नानासाहेबांनी फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

"मी," भीमराज म्हणाले.

तनुजाला राग यायला हवा होता. ती नुसती खाली बसली.

शेड ऑनलाइन मालाच्या गोडाऊनला भाड्याने गेलं. पाइप भंगारात निघाले आणि त्यांचे तुकडे करायला भीमराजांनाच ठेवून घेतलं. भंगारवाला कोंडीराम हातोडा घेऊन आला.

"कापताय कशाला, काका? जोडावर दोन ठोके दिले की सुटतं." त्याने हाणले. सुटलं नाही. अजून हाणले. "आयला, कुणी जोडलंय राव हे?"

"बाजूला हो," भीमराज म्हणाले.

फाटकातून नानासाहेब ओरडले, "उरक रं लवकर, गोडाऊनवाली माणसं माप घ्यायला यायचीत!"

भीमराजांनी चष्मा चढवला आणि ग्राइंडर जोडावर टेकवला.