काळा चोवीस

नागपुरात, इतवारीतल्या एका बोळात नत्थूजींचा छापखाना आहे. आता सगळं काम संगणकावर चालतं, पण नत्थूजींकडे अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे अजून शाबूत आहेत. त्यांतला लाडका म्हणजे चोवीस पॉइंटचा जाड टाइप, ‘काळा चोवीस’. शिरोरेघ छपराच्या आढ्यासारखी, उभे दंड पहिलवानाच्या मांड्यांसारखे आणि टोकं बोरूच्या कापासारखी तिरकी, धारदार. या अक्षरात ‘येथे थुंकू नये’ छापलं की माणूस आवंढा गिळतो. वकिलांच्या नोटिसा, पडेल उमेदवारांची पत्रकं, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, सगळं त्यातच. पण खरा खप तेरवीच्या पत्रिकांचा. बोळात म्हणत, माणूस मेला की नाही ते डॉक्टर नाही, नत्थूजी ठरवतात.

भानगड झाली ती त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, वैभवीच्या लग्नात.

“बाबा, पत्रिका नाजूक अक्षरात पाहिजे. तुमच्या या जाड्या अक्षरात छापली तर लोक पांढरे कपडे घालून येतील.”

“माह्या लग्नाची पत्रिका याच अक्षरात होती वं!”

“आई तेच तर म्हणते, मी त्याच दिवशी मेली!”

लेकीच्या पत्रिकेवर आपलं अक्षर नाही, म्हणजे मांडवात बापच नाही, असं नत्थूजींना वाटत होतं. शेवटी तोड निघाली. घरची रीत अशी, की पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीला आणि दुसरी उमरेडच्या सिंधूताईंना, नत्थूजींच्या थोरल्या बहिणीला. गणपती काही बोलत नाही, तेव्हा आत्याबाई जे म्हणतील ते कायम. नत्थूजींनी काळ्या चोवीसमध्ये पत्रिकेचा नमुना जुळवला, त्यात आपलं नाव जरा मोठंच घेतलं, आणि उमरेडच्या बसच्या कंडक्टरच्या हाती तो पाठवला.

सिंधूताईंचा चष्मा नेमका दुरुस्तीला गेला होता. हातात कागद आला. ठसठशीत काळी अक्षरं आणि मधोमध ‘नत्थूजी’. पुढे वाचायचं काय राहिलं? मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी ते तिथल्या तिथे फाडलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी नागपूरची बस धरली.

दुपारी बोळाच्या तोंडापासूनच हंबरडा ऐकू आला.

“नत्थू गेला वं माय! मले न सांगता गेला!”

नत्थूजी बनियनवर दारात आले. “काहून रडून राहिली वं बाई? कोण गेलं?”

सिंधूताईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. रडं थांबलं आणि राग चढला.

“मुडद्या! तुह्यासाठी थंड्या पाण्यानं आंघोळ केली मी!”

आत वैभवी पोट धरून हसत होती. “बाबा, आत्याबाईचा निकाल लागला!”

पत्रिका दुसरीकडे छापली, गुलाबी कागदावर, बारीक अक्षरात. नत्थूजींनी ती हातभर लांब धरून पाहिली.

“बरी आहे. शाईत बुडून मुंगी चालत गेली वाटते. पण मी गेल्यावर काळा चोवीसच लावजो.”

“लावीन बाबा. पण खिळे जुळवता कुठं येते मले?”

हे मात्र त्यांना पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या तेरवीची पत्रिका जुळवली, तारखेची जागा मोकळी ठेवली आणि मुद्रित तपासायला लेकीपुढे टाकलं. ‘दुःखद’मधला विसर्ग राहिला होता. तिने तो घातला आणि समासात लिहिलं, ‘सध्या छापू नये.’