फणसाखालचा गडी

फिरकीआका चेंडू टाकण्याआधी बॅटवाल्याकडे कधी बघायचीच नाही. ती बघायची परसातल्या फणसाकडे. तिथल्या कुणाला तरी बोटाने जरा डावीकडे सरकवायची, मान डोलवायची आणि मगच हात फिरवायची. फणसाखाली कुणी नसायचं.

गोव्यात मुळगावला आम्ही तिच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. बाबा सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेले. आका घरमालकीण; पन्नाशी उलटलेली, मुलगा वास्कोला, घरात ती आणि मांजर. चार वाजता चहाची कपबशी विसळली की पदर खोचून आम्हा पोरांत उतरायची. एखाद्या बाजूला भिडू कमी पडला की फणसाकडे बोट दाखवून म्हणायची, "थंय एकलो आसा, तो आमच्या वाट्याचो." सगळे फिदीफिदी हसायचे. पण चेंडू फणसाखाली गेला की आणायला एकटं कुणी जायचं नाही.

प्लॅस्टिकच्या चेंडूला वजन ते किती! वाऱ्याने भरकटायचा. आका बोटांना अंगणातली तांबडी धूळ चोळायची. खाणीची ती धूळ तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, वाढलेल्या भातावरसुद्धा बसायची आणि अख्खा गाव तिच्या नावाने बोटं मोडायचा. तिला कामाला लावलं ते एकट्या आकाने. चेंडूच्या जोडाच्या रेघेवर दोन बोटं, मनगट आतून बाहेर. चेंडू वर जायचा, हवेत थांबल्यासारखा व्हायचा आणि बॅट फिरून गेली की सावकाश उतरायचा. मागचा, स्टंप म्हणून ठेवलेला रॉकेलचा डबा वाजायचा.

मला तसा चेंडू टाकायचा होता. "चेंडू आणूक तू, खेळूक आमी," असं माझा दादा म्हणायचा. माझा डबा एकदा वाजवलास तर तुला गडी धरू, असं त्यानेच कबूल केलं होतं, आणि मला झोपेतसुद्धा तो डबा दिसायचा.

आकाने महिनाभर शिकवलं. बोटं जमली, मनगट जमलं, पण चेंडू आपला सरळच. ती वैतागायची. "अगो, तू नुसतां बघितल्यासारखां करतंस. खरांच बघ! तो खंय उबो आसा, हात खंय, पाय खंय!" मी फणसाकडे टक लावून बसायचे. आई घाबरली. "ह्या चेडवाक काय झालाहा? जेवतानाय झाडाकडे बघता," असं तिने बाबांना सांगितलेलं मी ऐकलं.

एका दुपारी खाणीवर सुरुंगाचा भोंगा वाजला. धमाका झाला, भांडी थरथरली आणि मग वारा साफ पडला. दादा बॅट घेऊन उभा होता. मी बोटं धुळीत बुडवली, फणसाकडे पाहिलं, आणि या वेळी मला सोंग करावं लागलं नाही. बुंध्याला टेकून कुणीतरी उभं होतं, गुडघ्यापर्यंत तांबडं. मी सवयीने बोट हलवलं. तो डावीकडे सरकला.

माझा हात कसा फिरला ते आठवत नाही. डबा वाजला. पोरं ओरडली, आकाने मला उचलून गिरकी घेतली. मी तिच्या हातातून सुटून आईकडे पळाले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

दुसऱ्या दिवसापासून मला गडी धरलं, पण मी पुन्हा चेंडू टाकला नाही. आकाने कारण विचारलं नाही. ती खट्टू झाली होती, आणि ते मला आजही सलतं.

पुढच्या वर्षी मुलगा तिला कायमची न्यायला आला. ती टॅक्सीत बसत असताना मी तिला गाठलं. "आका, फणसाखालचो तो कोण गो?"

ती खळखळून हसली. "अगो पिशे, थंय कोणच नाय! मी थंय बघतंय म्हणान बॅटवालो बघता, आनी चेंडू चुकता. तितकीच माझी विद्या."

"पण माका दिसलो. सरक म्हटलंय तसो सरकलो."

तिचं हसू मावळलं. तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, ती घाबरली. पण तिचे डोळे भरले होते.

"इतकी वर्सां मी त्याका हाक मारतंय," ती म्हणाली, "माका एकदाय दिसलो नाय गो."

टॅक्सी निघाली. मी हात हलवत राहिले. वळण येईपर्यंत आका मागच्या काचेतून फणसाकडेच बघत होती.