वाजवून पास केलेली गाडी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. काम काय, तर ओतून आलेला बिडाचा तुकडा हातात घ्यायचा, छोट्या हातोडीनं वाजवायचा आणि ऐकायचा. खणखणीत वाजला की खडूनं बरोबरची खूण. बद्द वाजला की बाजूला. अख्ख्या शेडच्या गोंगाटात मला तुकड्यातली चीर ऐकू यायची आणि त्याचा मला लई माज होता, खोटं कशाला बोलू? रिटायर झालो तेव्हा ती हातोडी घरी आणून शोकेसमध्ये ठेवली. पै-पाहुणा आला की काढून दाखवायचो. बायको म्हणायची, "आता तिची पूजा तेवढी घाला."

गाडी घेऊन तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी कागलहून येताना तेलाचा लाल दिवा लागला, विझला, परत लागला. घराजवळच्या चढावर इंजिन गप्प. नशीब, मागं कुणी नव्हतं. मिस्त्रीनं गाडी ओढून नेली आणि दोन दिवसांनी फोन केला, "अण्णा, जरा येऊन जावा की. तुमच्याच धंद्यातलं कायतरी हाय."

इंजिनात तेल फिरवणाऱ्या पंपाचं कास्टिंग त्यानं पुसून ठेवलं होतं. तेलाच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढं भोक. भोकाच्या कडेला राखाडी कायतरी चिकटलेलं. मी नखानं खरवडलं आणि बोटांत चोळून बघितलं.

"कचरा हाय काय ओ?" मिस्त्रीनं विचारलं.

"व्हय, कचराच," मी म्हणालो.

कचरा कसला, डोंबल! ती पुट्टी होती. ओतताना हवा अडकली की बिडात भोक राहतं. असा तुकडा परत भट्टीत टाकायचा असतो. खरं ट्रक दारात उभा, महिनाअखेर, वरून साहेबाचा आरडाओरडा. मग त्या भोकात लोखंडाच्या भुकटीची पुट्टी भरायची, अंगठ्यानं दाबायची, घासून सारखी करायची. बाहेरच्या अंगाला असेल तर काही बिघडत नाही. तेलाच्या वाटेवर असेल तर गरम तेल ती पुट्टी हळूहळू खातं. एक दिवस ती निघते, प्रेशर जातं आणि चालती गाडी जागेवर जाम होते. असले तुकडे मी पास केलेत. एक-दोन नव्हेत. आता हा तुकडा आमच्याच फौंड्रीतला होता का, देव जाणे. शिरोलीत काय एकच फौंड्री आहे? पण कडेला अंगठा ओढायची ती पद्धत मी ओळखली. नव्या माणसांना मीच तशी शिकवायचो.

नवा पंप बसवला, गाडी घरी आणली आणि पुट्टीबद्दल तोंडाला कुलूप लावलं.

त्याच सुमारास आमच्या या मॉडेलच्या मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला होता. कुणाची गाडी पुलावर बंद पडलेली, कुणाची भर चौकात. निम्मे म्हणत होते, कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलवून पंप बदलून द्यावेत. निम्मे म्हणत होते, गप बसा, रिकॉलचं नाव निघालं तर उद्या विकायला काढल्यावर गाडीला कुत्रं विचारणार नाही. या सगळ्यात शिरोळकडची एक शाळेतली बाई होती. ती भांडायची नाही. कुणाची गाडी कुठं, कशी बंद पडली ते वहीत उतरवायची, हजेरी मांडावी तसं.

तिनंच एका रविवारी सगळ्यांना उजळाईवाडीला एका पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत बोलावलं. एकाच तोंडवळ्याच्या डझनभर गाड्या ओळीनं उभ्या. बाईनं कंपनीला द्यायचं पत्र वाचून दाखवलं. टुरिस्टची गाडी चालवणारा एक गडी लगेच उसळला, "अवो बाई, तुमास्नी काय जातंय? आमचं पोट हाय त्याच्यावर. डिफेक्ट हाय म्हणून पेपरात आलं की गिऱ्हाईक बसंल का गाडीत?" दुसरा म्हणाला, "मरून पडल्यावर कोण बसतंय?" झालं, जुंपली.

बाई माझ्याकडं आली. "काका, फौंड्रीत हातोडीनं तुकडे वाजवण्यात तुमचा जन्म गेलाय. तुमचाही पंप बदललाय, ग्रुपवर तुम्हीच सांगितलंत. काय दिसलं ते दोन ओळींत लिहून सही करा. बाकीचे मग ऐकतील."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला तेव्हा काय दिसलं सांगू? माझाच खडू दिसला. आज पुट्टी म्हणालो तर उद्या कुणीतरी विचारणार, तुम्हाला कसं ओळखू आलं? तीस वर्षांची इज्जत तिथंच मातीत गेली असती.

"कायबी डिफेक्ट न्हाय," मी आवाज चढवून म्हणालो. "तेल येळेवर बदलत न्हाईसा आन् कंपनीच्या नावानं शिमगा करताय!"

टुरिस्टवाल्यानं टाळ्याच वाजवल्या. बाईचा चेहरा उतरला. तिचा सासरा गाडीच्या मागच्या सीटवर दार उघडं टाकून शेंगा सोलत बसला होता. म्हातारा गमत्या होता. त्याचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातनं दोनदा सूनच त्याला कोल्हापूरला आणायची. तो आतूनच ओरडला, "ओ पावणं, तुमी हातोडीवालं नव्हं? मग आमची गाडी वाजवून बघा की!"

लोक हसले. मीही चढलो. बॉनेट उघडलं, कुणाचा तरी पाना घेतला, कानामागं हात धरून इंजिनवर दोन टोले दिले. बसवलेल्या इंजिनवर पाना मारून काय कळतंय? माती कळतीय! खरं मी मान डोलावली आणि म्हणालो, "खणखणीत हाय, तात्या. बिनघोर फिरा."

"बास!" म्हातारा म्हणाला. "फौंड्रीतला माणूस म्हणतोय म्हंजे बास." त्यानं मला मूठभर शेंगा दिल्या. मी त्या खात खात घरी आलो. पत्रावर त्या दिवशी कुणीच सही केली नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि एका सकाळी ग्रुपवर बातमी आली. बाईची गाडी हातकणंगल्याच्या अलीकडं चालता चालता जाम झाली होती. मागं दोन ट्रॉल्या भरून उसाचा ट्रॅक्टर. त्याला कुठला ब्रेक लागतोय? बाईचा हात मोडला. मागच्या सीटवरचा म्हातारा जागेवर गेला.

मी मातीला गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणून बायकोला सांगितलं. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र तेवढं टाकलं. माझ्यासारखा भेकड माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

महिन्यानं बाई दारात उभी. हात गळ्यात बांधलेला, सोबत भाऊ. तो बाहेरच थांबला. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा टेबलावर ठेवला. तिच्या गाडीचा पंप.

"काका, वाजवा."

मी शोकेसमधली हातोडी काढली. तुकडा दोरीनं टांगून धरला आणि मारली. स्वच्छ आवाज आला. घरभर घुमला. आतून बायको बघायला आली.

"खणखणीत हाय ना?" बाई म्हणाली. "मग मामंजी का गेले?"

मी तुकडा उलटा केला. तेलाच्या वाटेवर भोक होतंच. शेजारीच आणखी एक होतं, अजून बुजलेलं. दाभणानं उकरलं तशी राखाडी भुकटी टेबलावर सांडली.

"पुट्टी भरलेला तुकडाबी असाच वाजतोय, बाई. म्हणून तर भरत्यात."

"त्या रविवारी तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

मला वाटलं ती शिव्या देईल, कानफटात मारेल. बरं झालं असतं. तिनं पिशवीतनं तेच पत्र काढलं, उलगडलं आणि पेन माझ्यापुढं केलं. मी लिहिलं. पंपात भोक कसं राहतं, पुट्टी कशी भरतात, ती केव्हा निघते, सगळं लिहिलं. तिनं वही तपासावी तसं एकेक ओळ बोट ठेवून वाचलं.

"असे तुकडे पास केले जातात, असं लिहिलंय तुम्ही. कोण करायचं ते लिहा."

मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. बायको चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी होती. तिनं तो टेबलावर ठेवला नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

बाईनं पत्र घडी करून पिशवीत टाकलं. तुकडाही उचलला. उंबऱ्यात चप्पल घालता घालता थांबली. एका हातानं तिला पट्टा लावता येत नव्हता, पण कुणी वाकावं असं तिला वाटत नसावं.

"त्या दिवशी तेलाचा दिवा लागला होता, काका," ती म्हणाली. "मी गाडी बाजूला घेतच होते. मामंजीच म्हणाले, चल गं, उशीर होतोय. त्या पावण्यानं वाजवून बघितलीय."