भास्कर हुदलीकर नावाचा फलंदाज

मित्रहो, मंडळाच्या प्रश्नमंजूषेतून उठून थेट राजाजीनगरच्या सायबर कॅफेत आलोय.

शतक ठोकून त्याच संध्याकाळी सिनेमासाठी गाणारा फलंदाज कोण? भास्कर हुदलीकर. समीर, हा प्रश्न तूच आपल्या ईमेल गटात टाकलास. मी बाकी तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघांनीही ‘एकदम बरोबर’ असं कळवलं, म्हणून आजच्या स्पर्धेत तो घेतला. मी पहिल्यांदाच प्रश्न काढले होते.

अध्यक्ष अण्णांनी माइकवर उत्तर वाचलं आणि तुम्ही चौघे मागून ओरडलात, “असा माणूस जन्मलाच नाही!”

समीर, तू वर म्हणालास, “नववी पासला प्रश्न काढायला बसवलं की असंच होणार!” सगळं सभागृह हसलं.

“स्वल्प, जरासं तपासायचं तरी, बाळ,” अण्णा म्हणाले. “पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघू.”

शेजारी बसलेल्या आईने हळूच विचारलं, “ते मागून ओरडणारे कोण रे? तुझे मित्र आले नाहीत का?”

“नाही आले,” मी म्हणालो.

ईमेलच्या शेवटी प्रश्न टाकायचा हा आपला नियम. आई येणार हे मी फक्त तुम्हालाच कळवलं होतं. ते वाचून तुमच्यातला एक तरी ‘आता ही थट्टा नको’ म्हणाला होता का?