हौसाकाकूंच्या नळाचा खड्डा

आधी चूक सांगतो. रेंगाळलो तर पुन्हा गिळून टाकीन. गावाच्या पाण्याच्या लाइनीला मी थेट मोटार जोडली होती. बायकोला तेवढं माहीत आहे. पुढचं तिलाही मी कधी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मोटार काय, पुष्कळजण लावतात. मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण माझ्या घराच्या पलीकडे, गल्लीच्या टोकाला, एकच घर होतं. पाणी माझ्या दारावरून तिकडे जायचं. मग मी कुणाचं ओढतोय, हे मला कळत नव्हतं का?

ते घर हौसाकाकूंचं. एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, जीभ मात्र धारदार. काष्टीजवळचं आमचं गाव. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी. मी नवा स्लॅब टाकला, वर टाकी बसवली, आणि तिथवर पाणी चढेना. म्हणून न्हाणीत मोटार ठेवली, दार लावून घेतलं. टाकी भरून वाहू लागली. काकूंचा नळ नुसता फुसफुसू लागला.

"आरं दत्ता," त्या ओट्यावरून ओरडायच्या, "तुह्या नळाला पानी, आन् माह्या नळाला काय दमा लागलाय व्हय?"

गल्ली हसायची. मीही हसायचो.

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? मी सल्ला दिला. "काकू, तुमचा नळ उंचावर हाय. खड्डा घ्या, नळ खाली उतरवा." आमच्याकडे असे खड्डे बऱ्याच दारांत असतात. दाब कमी पडला की नळ जमिनीखाली न्यायचा, आणि पायऱ्या उतरून हंडा भरायचा. सल्ला खोटा नव्हता. म्हणूनच तो इतका सोयीचा होता.

खोदायलाही मीच गेलो. काकूंनी चहा केला. "पोटच्यानं केलं नसतं रं," म्हणाल्या. मी तो चहा प्यालो.

खड्ड्यात धार यायची, पण मी मोटार लावेपर्यंतच. मग तुटायची. का तुटते ते त्यांना कळत नव्हतं. तुटते एवढं कळलं होतं. म्हणून पाणी सुटलं की त्या घाई करायच्या. ते गुडघे घेऊन, ओल्या पायऱ्यांवरून, कमरेवर भरलेला हंडा — मी हे गच्चीवरून पाहिलं आहे. एकदा नाही. पाहून खाली आलो आणि बटण दाबलं.

एका सकाळी त्या पडल्या. मला आवाज आला नाही. मोटार चालू होती.

बायकोनं न्हाणीचं दार बडवलं, "अहो, काकू पडल्या खड्ड्यात!" आणि ती तशीच धावली.

इथवर सांगणं सोपं होतं. मी धावलो नाही. आता माणसं जमतील, कुणीतरी घरात येईल — हे आधी मनात आलं. मी मोटार बंद केली. पाइप सोडवला, गुंडाळला, सगळं पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. हात पुसले. मग निघालो.

पोचलो तेव्हा खड्ड्यातल्या नळाला बोटाएवढी नाही, मनगटाएवढी धार लागली होती. माझी मोटार थांबली होती ना. काकू त्या पाण्यात आडव्या पडल्या होत्या आणि बायकोला एकटीला त्या उचलवत नव्हत्या. मला पाहून म्हणाल्या, "दत्ता, आलं बघ पानी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. लेक त्यांना आपल्या घरी, पुणतांब्याला घेऊन गेली. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मी मोटार विकून टाकली. त्यानं काय होणार होतं?

गेल्या महिन्यात पुणतांब्याला गेलो. त्या पडवीत खाटेवर होत्या, लेक पायाला तेल चोळत होती. "बस की," काकू म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच, लेकीसमोर बोललो —

"काकू, तुमचं पाणी मी ओढत होतो. मोटार लावून. खड्डा घ्यायला सांगितलं तेव्हाही ओढत होतो. तुम्ही पडलात हे कळल्यावर मी आधी मोटार लपवली, मग आलो. तेवढा वेळ तुम्ही पाण्यात पडून होतात. माझं चुकलं, काकू."