चुन्याने आखलेला दवाखाना

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्याकडे साप चावलेले यायचे, बाळंतिणी यायच्या, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेले यायचे. त्या सगळ्यांना खाट मिळायची. ज्याचं मन बिथरलं त्याला मात्र नाही. एक इंजेक्शन द्यायचं, चिठ्ठी लिहायची आणि लांबच्या शहरातल्या मनोरुग्णालयाचा रस्ता दाखवायचा, एवढंच आमच्या हातात असे.

एका दुपारी एक मुलगी आली. तापीकाठच्या गावात दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. तिची झोप उडाली होती. आपलं बाळ कुणीतरी बदललंय म्हणत ती नदीकडे धावत सुटली होती. सासरच्यांनी ओढणीने हात बांधून तिला जीपमधून आणलं. मी गाठ सोडली तेव्हा मनगटं लाल झाली होती. तिचे वडील पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. "आठेच ठेवा ना, सायेब," इथेच ठेवून घ्या, एवढंच ते डॉक्टरांना म्हणत राहिले. डॉक्टरांकडे ना खोली होती, ना माणूस. जीप तशीच पुढे गेली.

ती बरी होऊन परतली. पण कुठे राहून आली हे तोवर गावभर झालं होतं. सासरच्यांनी बाळ ठेवून घेतलं आणि तिला माहेरी सोडलं.

काही दिवसांनी फिटरभाऊ मला भेटायला आले. "बाई, आठे दोन-चार खाटा राहत्यात, ते मन्ही पोर आठ दिनमा बरी हुईसन घर जाती. कोनले समजतं बी नही."

त्यानंतर तसा छोटा दवाखाना मागायला आम्ही दोघांनी नंदुरबारच्या आरोग्य कचेरीत किती खेटे घातले ते आता आठवत नाही. तिथला अधिकारी माणूस चांगला होता. म्हणाला, डॉक्टर देता येईल, औषधं देता येतील, बांधकामासाठी जिल्ह्याच्या योजनेत पैसेही धरतो. पण जागा तुम्ही आणा, आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत आणा.

जागा दिली केळीच्या एका मोठ्या बागायतदाराने. त्यांना सगळे अण्णा म्हणत. रस्त्याकडेचा तुकडा होता. आमचं बोलणं पुरतं होण्याआधीच ते म्हणाले, "घ्या. चांगल्या कामाला नाही कशाला म्हणू?"

जागा मोजायला गेलो त्या दिवशी फिटरभाऊंनी दोरी आणि चुना आणला होता. मुलगीही बरोबर आली. त्यांनी जमिनीवर खोल्या आखल्या, सोबतच्या नातेवाइकांसाठी ओटा आखला, चुलीची जागासुद्धा. ती एका खोलीच्या चौकटीत जाऊन उभी राहिली.

"दारले मझारतून कडी राही ना?" तिने मला विचारलं.

"आतून कडी नाही ठेवता येणार," मी म्हटलं. "पण बाहेरूनही कोणी लावणार नाही."

तिने दाराच्या जागेकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "चाली."

पुढच्या ग्रामसभेत आवाज चढले. गावाला वेड्यांचं गाव असं नाव पडेल, बायकांनी त्या रस्त्याने शेतात जायचं कसं, असं बरंच काही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, पण शब्द फिरवला नाही. फिरवावा लागला तो पुढच्या आठवड्यात. ते माझ्या घरी आले तेव्हा फिटरभाऊ तिथेच बसले होते. चहा तसाच पुढ्यात ठेवून अण्णा म्हणाले, "पोरीचं गुजरातेत जमत आलंय. व्याह्यांचा फोन आला होता. तुमच्या जमिनीवर वेड्यांचा दवाखाना होतोय, ते खरं का, म्हणून विचारत होते. घरात कुणाला तसलं काही आहे का, असंही विचारलं."

मला राग आला होता. मी तोंड उघडणार तोच फिटरभाऊ म्हणाले, "बरोबर शे तुमनं, अन्ना. पहिले पोरनं देखा."

अण्णांनी मान वर केली नाही. मला वाटतं, फिटरभाऊ भांडले असते तर त्यांना ते सोपं गेलं असतं.

दुसरी जागा आम्ही शोधत राहिलो. मार्च संपला आणि ते पैसे दुसऱ्या कामाकडे वळले. अण्णांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघंही गेलो, पंगतीत शेजारी बसून जेवलो. त्या चांगल्या जेवणाची चव मला लागली नाही.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास आमच्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, पडदा लावून दोन खाटा मिळाल्या. आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येऊ लागले. तिथे पहिल्यांदा राहिलेली बाळंतीण सासूबरोबर, बाळाला घेऊन, आपल्या पायांनी घरी गेली. मी ते आनंदाने फिटरभाऊंना फोन करून सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी बघायला आले. पडदा बाजूला सारून रिकाम्या खाटांकडे बघत उभे राहिले.

"इतलंच लागत व्हतं, बाई," ते म्हणाले.

मी लेकीची चौकशी केली. ती शिवणकाम करते, औषधं आता बंद आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत सासरचे मुलाला घेऊन येतात, तेव्हा तिला त्याला भेटू देतात. यंदा तिने त्याला घोड्यावर बसवलं. तो तिला मावशी म्हणतो. तसंच शिकवलंय त्याला.